मॅट्रिक ते एसएससी : दहावीचं बोर्ड आलं कुठून आणि ते नेमकं करतं काय?

मे महिना. दुपारचे एक वाजायला पाच मिनिटं कमी. बोर्डाची वेबसाइट आधीच बसलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी काका 'लागला का?' म्हणून चौथ्यांदा विचारतात. आईच्या हातात हॉल तिकीट, पोराच्या पोटात गोळा. मग स्क्रीनवर सहा-सात ओळींचा एक तक्ता येतो आणि पुढचे दोन दिवस पेढे, स्टेटस, रील्स, नाहीतर बंद दाराआडची शांतता.

२०२५ साली साडेपंधरा लाखांच्या आसपास पोरांनी ही दहावीची परीक्षा दिली. म्हणजे महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घराचा, वाड्याचा, वस्तीचा या बोर्डाशी कधी ना कधी संबंध येतोच.

तरी या बोर्डाबद्दल लोकांना फारसं काही माहीत नसतं. पुस्तक अवघड झालं की शिव्या बोर्डाला. अकरावीला हवं ते कॉलेज मिळालं नाही की शिव्या बोर्डाला. पहिलीत हिंदी आणायची की नाही यावरून वाद झाला तेव्हाही कमेंटमध्ये लोक बोर्डालाच टॅग करत होते. यातली एकही गोष्ट बोर्ड ठरवत नाही.

मग बोर्ड ठरवतं काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. बोर्ड नव्हतं, पण परीक्षा होती, त्या काळात.

मॅट्रिक म्हणजे खरं तर कॉलेजची एन्ट्रन्स

१८५७ साली मुंबई विद्यापीठ सुरू झालं. हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं केलेलं. म्हणजे स्वतः शिकवायचं नाही, शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची.

आता कॉलेजात घ्यायचं कुणाला, हे ठरवायला काहीतरी चाळणी हवी. ती चाळणी म्हणजे मॅट्रिक्युलेशन. पहिली मॅट्रिक झाली १८५९ साली. बसलेल्यांतले मोजकेच पास झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी, तेही याच दारातून आत गेले.

मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा अर्थच मुळी 'विद्यापीठाच्या पटावर नाव चढणं' असा आहे. शाळा संपल्याचा दाखला वगैरे त्यात काही नव्हतं. विद्यापीठ म्हणत होतं, आमच्याकडे यायचंय ना, मग हे करून दाखवा.

आणि हे विद्यापीठ केवढ्या मुलखाचं? सिंधपासून गुजरात, काठेवाड, महाराष्ट्र आणि खाली कर्नाटकच्या धारवाडपर्यंत. कराचीचा पोरगाही मुंबईचीच मॅट्रिक द्यायचा. मोहनदास गांधी १८८७ साली मॅट्रिक झाले तेव्हा परीक्षेला दोनच केंद्रं होती, मुंबई आणि अहमदाबाद. राजकोटचा हा मुलगा त्यातल्या त्यात जवळचं आणि स्वस्तातलं म्हणून अहमदाबादला गेला. आज केंद्र पाच किलोमीटर लांब आलं म्हणून पालक शाळेत भांडायला जातात, ते आठवून बघा.

गडबड अशी झाली की कॉलेजात जाणारे थोडे आणि मॅट्रिक देणारे बरेच. सरकारी कचेरीत कारकुनी मिळायला मॅट्रिक लागायला लागली. लग्नाच्या बाजारात मॅट्रिकला भाव आला. 'नॉन-मॅट्रिक' हा शब्द तेव्हापासूनचा. त्यामुळे शाळेतली शेवटची दोन-तीन वर्षं सगळा अभ्यास विद्यापीठाला काय हवंय त्या हिशेबाने चालायचा. ज्याला पुढे शेती बघायची आहे, दुकान चालवायचं आहे, त्यानेही कॉलेजच्या प्रवेशाचीच तयारी करायची.

हे चुकतंय हे इंग्रज सरकारच्या लोकांनाही कळत होतं. १८८२ च्या हंटर आयोगाने सांगितलं होतं की वरच्या वर्गांत दोन वाटा करा, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहाराकडे. कागदावर राहिलं. मग १९१७ ते १९१९ या काळात कलकत्ता विद्यापीठासाठी मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याने स्पष्टच म्हटलं की शालेय परीक्षा विद्यापीठाच्या हातातून काढा आणि त्यासाठी वेगळी बोर्डं करा.

आज ज्याला आपण 'बोर्ड' म्हणतो ती कल्पना भारतात अशी रुजली.

पहिला नंबर लावला उत्तर प्रदेशाने, तेव्हाचा संयुक्त प्रांत. १९२१ साली अलाहाबादला बोर्ड झालं. १९२९ साली अजमेरला राजपुताना, मध्य भारत आणि ग्वाल्हेर यांच्यासाठी एक बोर्ड निघालं. शिंद्यांचं ग्वाल्हेर त्यात होतं. हेच अजमेरचं बोर्ड पुढे वाढत, नाव बदलत सीबीएसई झालं. म्हणजे ज्या सीबीएसईची आज राज्य बोर्डाला सतत तुलना सोसावी लागते, ती सीबीएसईसुद्धा मुळात एक प्रादेशिक बोर्डच.

मुंबई प्रांत उशिरा जागा झाला

मुंबई प्रांताने मात्र मॅट्रिक सोडायला बराच वेळ घेतला. स्वातंत्र्य आलं तरी परीक्षा विद्यापीठच घेत होतं.

१९४८ साली मुंबई सरकारने माध्यमिक शालान्त परीक्षेचा कायदा केला. तेव्हा प्रांताचे प्रमुख होते बाळासाहेब खेर. कायद्यानुसार पुण्यात परीक्षा बोर्ड आलं आणि १९४९ पासून विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एसएससी सुरू झाली.

वेळही बघा. त्याच सुमारास पुणे, बडोदा, अहमदाबाद, धारवाड इथे नवी विद्यापीठं उभी राहत होती. जुनीच पद्धत ठेवली असती तर प्रत्येक विद्यापीठाची वेगळी मॅट्रिक आणि शाळांच्या डोक्याला वेगळा ताप. सगळ्यांसाठी एकच परीक्षा घेणारं, विद्यापीठांच्या बाहेरचं मंडळ ही तेव्हाची गरजच होती.

यात नावाकडे लक्ष द्या. मॅट्रिक म्हणजे प्रवेश. एसएससी म्हणजे सेकंडरी स्कूल सर्टिफिकेट, मराठीत 'माध्यमिक शालान्त'. शाळा अधिक अंत, शाळेचा शेवट. आधीची परीक्षा पुढच्या दारावर उभी होती, नवी परीक्षा मागच्या दारावर. कल्पना अशी की मुलगा किंवा मुलगी शाळा पूर्ण करून बाहेर पडली, तिने काय कमावलं त्याचा हा दाखला. पुढे कॉलेजात जायचं की कामाला लागायचं, ते तिचं ती बघेल.

कल्पना उत्तम होती. लोकांनी मात्र नाव बदललं आणि वापर तोच ठेवला. अजूनही खेड्यात म्हातारी माणसं नातवाला 'यंदा मॅट्रिकला ना रे?' असंच विचारतात. यात त्यांचं काही चुकतं असं नाही. दहावीचा निकाल हा आजही सगळ्यात आधी 'पुढे कुठे घेतील' याचाच कागद आहे.

एक राज्य, तीन पद्धती

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. नकाशा एक झाला, पण शाळांचं तसं नव्हतं.

पश्चिम महाराष्ट्र, मुंबई, कोकण, खानदेश इथे पुण्याच्या बोर्डाची एसएससी. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, त्यामुळे तिकडचं काम नागपूरमधून चालायचं आणि तिथे विदर्भाचं वेगळं बोर्ड होतं. मराठवाडा निजामाच्या हैदराबादेतून आलेला, तिथल्या शाळांची घडीच निराळी. उर्दू माध्यमाचा पगडा, वेगळे अभ्यासक्रम, वेगळ्या परीक्षा. लातूरचा मुलगा, अकोल्याचा मुलगा आणि साताऱ्याचा मुलगा नोकरीसाठी मुंबईत एकाच रांगेत उभे राहिले, तर तिघांच्या हातात तीन घडणीची प्रमाणपत्रं.

हे एका दोरीत बांधायला १९६५ चा महाराष्ट्र कायदा क्रमांक ४१ आला. १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ अस्तित्वात आलं. मुख्यालय पुण्यात. आजही ते शिवाजीनगरला भांबुर्ड्यात, आघारकर संशोधन संस्थेच्या मागे आहे. राज्य मंडळाने धोरण ठरवायचं आणि विभागीय मंडळांनी प्रत्यक्ष परीक्षा घ्यायची, ही रचनाही या कायद्यातलीच.

विभागीय मंडळं आता नऊ आहेत. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही जुनी. मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर ही नंतरची. सगळ्यात धाकटं कोकण, फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं. त्याने २०१२ साली पहिली परीक्षा घेतली आणि तेव्हापासून निकालाच्या टक्केवारीत कोकण पहिलं हे जवळपास गृहीतच धरलं जातं. २०२५ ला दहावीत कोकण ९८.८२ टक्के आणि तळाला नागपूर ९०.७८ टक्के.

यावरून दरवर्षी 'कोकणातली पोरं हुशार' छाप मीम्स फिरतात. पण दोन जिल्ह्यांच्या विभागाची तुलना मुंबई विभागाशी करायची, ज्यात मुंबईसोबत ठाणे, पालघर आणि रायगड येतात आणि जिथे जव्हार-मोखाड्याची आश्रमशाळा आणि दक्षिण मुंबईची कॉन्व्हेंट एकाच आकड्यात मोजली जाते, हा हिशेब जरा जपूनच करायला हवा.

जाता जाता, गोव्याने १९७५ साली स्वतःचं वेगळं बोर्ड केलं. त्यामुळे पणजीतली मराठी शाळा आणि सावंतवाडीतली मराठी शाळा, अंतर तासा-दीड तासाचं, पण बोर्डं दोन.

अकरावी-बारावीला 'कॉलेज' का म्हणतात?

दिल्लीच्या मुलाला विचारा, तो बारावीला 'स्कूल'मध्ये असतो. महाराष्ट्रातली मुलगी अकरावीला जाते ती 'कॉलेजात'. हा फरक कुठून आला, तर १९७५ मधून.

तोवर एसएससी अकरावीला असायची. अकरा वर्षं शाळा, मग कॉलेज. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने देशभरासाठी दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध सुचवला. महाराष्ट्राने तो आणला आणि दहावीची पहिली एसएससी १९७५ साली झाली. म्हणूनच घरातले सत्तरीतले आजोबा 'आमची जुनी अकरावी' म्हणतात, ते खरं बोलत असतात.

आता प्रश्न आला, मधली दोन वर्षं बसवायची कुठे? प्रत्येक माध्यमिक शाळेकडे ना वर्ग होते, ना प्रयोगशाळा, ना शिक्षक. कॉलेजांकडे ते होतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी ही दोन वर्षं कॉलेजांना जोडली गेली आणि 'ज्युनिअर कॉलेज' जन्माला आलं. परीक्षा मात्र बोर्डाकडे आली. १९७७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नाव लांबलं, 'महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ'.

दहावीला शाळा बदलायची, नवा प्रवेश घ्यायचा, कटऑफ बघायचा, ही महाराष्ट्रातल्या पोरांची खास यातना या व्यवस्थेतून आली. सीबीएसईच्या बहुतेक मुलांसाठी दहावी ते अकरावी म्हणजे त्याच इमारतीत एक जिना वर. इथे मात्र शाळेचा शेवट म्हणून आणलेली परीक्षा पुन्हा प्रवेश परीक्षा होऊन बसली, तीही पंधरा-सोळाव्या वर्षी.

बोर्ड करतं काय, आणि काय करत नाही

पाठ्यपुस्तकं काढते बालभारती, १९६७ साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था. पूर्वी नववी-दहावीची पुस्तकं बोर्डच काढायचं, म्हणून गैरसमज टिकून आहे. खालच्या वर्गांचा अभ्यासक्रम आणि शिक्षकांचं प्रशिक्षण हे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, म्हणजे एससीईआरटीकडे. शिक्षकांचे पगार आणि भरती शिक्षण विभागाकडे. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश शिक्षण संचालनालयाकडे.

बोर्डाकडे उरते ती परीक्षा. शाळेला आणि ज्युनिअर कॉलेजला परीक्षेसाठी मान्यता देऊन इंडेक्स नंबर देणं, पेपर काढणं, परीक्षा घेणं, तपासणं, निकाल लावणं आणि प्रमाणपत्र देणं. ऐकायला छोटं वाटतं. आता आकडा घ्या. दहावीला एकेका मुलाचे भाषा, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, इतिहास, भूगोल असे साधारण नऊ पेपर. गुणिले पंधरा लाख. एकट्या दहावीच्या उत्तरपत्रिका एक कोटीच्या कितीतरी वर जातात. आणि दहावी सुरू होते तेव्हा बारावी अजून चालूच असते.

एका पेपरचा प्रवास बघितला तर हे प्रकरण किती मोठं आहे ते कळतं. छापलेल्या प्रश्नपत्रिका सीलबंद होऊन तालुक्याच्या परिरक्षक केंद्रात येतात, ज्याला शिक्षक मंडळी सरळ 'कस्टडी' म्हणतात. तिथून सकाळी पोलीस बंदोबस्तात केंद्रावर. पाकीट फोडताना साक्षीदार लागतात आणि कुठली सील कधी तुटली याची नोंद होते. पर्यवेक्षक, केंद्रसंचालक, शिवाय कॉप्या पकडायला भरारी पथक आणि केंद्रावर ठाण मांडून बसणारं बैठं पथक. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ पासून वेगळा कायदा आहे, त्यात पेपर फोडणं हा गुन्हा आहे.

पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी वाचायला द्यायचे. त्या दहा मिनिटांत मोबाइलवरून काय काय बाहेर जायला लागलं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२३ पासून ती दहा मिनिटं सुरुवातीची काढली आणि शेवटी जोडली. पोरांचा वेळ तेवढाच राहिला आणि पळवाट बंद.

उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक झाकला जातो, बारकोड लागतो आणि गठ्ठा भलत्याच गावच्या शिक्षकाकडे पोचतो. त्याने तपासल्यावर नियामक, म्हणजे मॉडरेटर, त्यातले काही पुन्हा बघतो. त्याच्याही वर मुख्य नियामक. कुठल्या उत्तराला किती गुण द्यायचे, अर्धवट बरोबर असेल तर काय करायचं, हे सगळं आधी बैठकीत ठरतं. यासाठी बोर्डाकडे स्वतःचे वेगळे परीक्षक नाहीत. हे सगळे शाळा-कॉलेजात शिकवणारेच शिक्षक, दिवसा शाळा आणि संध्याकाळी गठ्ठे. म्हणूनच ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांना सरकारकडून मागणी मान्य करून घ्यायची असली की ते पेपर तपासणीवर बहिष्काराचं हत्यार काढतात. बोर्डाचा श्वास तिथे अडकतो.

तो कागद इतका जड का?

मार्क विसरून फक्त प्रमाणपत्राचं बघा.

पासपोर्टला दहावी पास असाल तर ईसीआर, म्हणजे कामासाठी ठरावीक देशांत जाताना लागणाऱ्या सरकारी परवानगीचा शिक्का लागत नाही. आखातात कामाला जाणाऱ्या रत्नागिरीच्या पोराला विचारा या एका ओळीची किंमत. सैन्यात अग्निवीर जनरल ड्युटीला दहावी आणि एकूण ४५ टक्के हवेत. पॉलिटेक्निक, आयटीआयचे बहुतेक ट्रेड, एसटीतली चालक-वाहकाची नोकरी, सगळीकडे हाच कागद. शिवाय जन्मतारखेचा आणि नावाच्या स्पेलिंगचा पुरावा म्हणून कितीतरी ठिकाणी हाच बघितला जातो. त्यावर आईचं नाव चुकलं, तर पुढे आधार, पॅन, पासपोर्ट सगळीकडे ती चूक मागे लागते. दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. दाखला हातात पडला की त्याच दिवशी अक्षर न् अक्षर तपासून घ्या, नंतरचे हेलपाटे वाचतील.

म्हणूनच बोर्डाचं एक काम फार कमी बोललं जातं, ते म्हणजे १७ नंबरचा फॉर्म. शाळा मध्येच सुटली, लग्न झालं, ऊसतोडीला गेले, हॉटेलात कामाला लागले, अशांना शाळेत न जाता बाहेरून बसायची ही सोय. 'सतरा नंबरनं दहावी केली' हे वाक्य महाराष्ट्रात कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकायला मिळतं, कधी मुलीच्याच वर्षी परीक्षा दिलेल्या आयांच्या तोंडून. 'शालान्त' या शब्दाला सगळ्यात जवळ जाणारा उपयोग बहुधा हाच. यात कटऑफ नाही, कुणाशी स्पर्धा नाही, फक्त अर्धवट राहिलेलं पूर्ण करणं आहे.

आणि नापासांचं काय? एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा साधारण जून-जुलैत घेतात, आधी ती ऑक्टोबरला व्हायची आणि वर्ष हमखास जायचं. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन असे तीन टप्पे उपलब्ध आहेत. छायाप्रत हातात घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाला जाता येत नाही, हे बऱ्याच पालकांना मुदत संपल्यावर कळतं.

टक्केवारी कोण ठरवतं?

इथे गोष्ट खरी तापते.

२००० नंतर शहरांत सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळा वाढल्या. दहावी वेगवेगळ्या बोर्डांतून, पण अकरावीची कॉलेजं तीच. राज्य बोर्डाच्या पालकांचं म्हणणं, त्यांना मार्क सैल हाताने मिळतात आणि आमच्या मुलांची जागा जाते. सरकारने २००८ मध्ये पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, मुंबई उच्च न्यायालयात ते टिकलं नाही. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य बोर्डाला आणि १० टक्के इतरांना असा निर्णय काढला, तोही न्यायालयाने रद्द केला. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, म्हणजे सहापैकी उत्तम पाच विषयांची टक्केवारी. उच्च न्यायालयाने हेही रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयात ते टिकलं. तीन वर्षांत तीन सूत्रं. त्या-त्या वर्षीच्या मुलांनी अभ्यास तोच केला होता. त्यांच्या हातात नसलेलं सूत्र तेवढं दरवर्षी बदलत होतं.

त्याहून बोलकं उदाहरण २०१९ चं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले. कारण योग्यच होतं, शाळा ते गुण वाटूनच टाकतात अशी ओरड होती. निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी 'ढ' झाली का? अर्थातच नाही. पण त्या बॅचच्या पालकांनी बघितलं की सीबीएसईची मुलं आपले अंतर्गत गुण घेऊन अकरावीच्या रांगेत पुढे उभी आहेत. ओरड उलट्या बाजूने सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ते २० गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे झालाच नाही, सरासरीने गुण दिले गेले.)

२०२१ ला परीक्षाच झाली नाही. नववी आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. या बॅचला अजूनही 'कोरोना बॅच' म्हणून टोमणे ऐकावे लागतात. सगळेच पास तर अकरावीला घ्यायचं कसं, म्हणून सरकारने सीईटी ठरवली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे बोर्डाच्या परीक्षेशिवाय एक वर्ष गेलं, तेव्हा लगेच दुसरी चाळणी शोधावी लागली. शाळेच्या शेवटाचा दाखला तर सगळ्यांना मिळाला होता. अडलं होतं ते पुढच्या दाराशी.

हे लक्षात घेतलं की निकालाच्या दिवशीच्या 'यंदा निकाल घसरला' किंवा 'यंदा विक्रमी निकाल' या हेडलाइन वाचताना एक प्रश्न विचारायची सवय लागते, यंदा नियम काय बदलला?

सीबीएसई पॅटर्न आला, मग बोर्ड बंद होणार?

२०२५ च्या मार्चमध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी राज्यातल्या शाळांत सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम आणायचं जाहीर केलं आणि 'एसएससी बोर्ड बंद' असे फॉरवर्ड सुटले. विरोधकांनीही बोर्डाच्या अस्तित्वाचा प्रश्न विचारला. सरकारचं उत्तर, बोर्ड राहणार आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही तेच घेणार. बदल अभ्यासक्रमात आणि वेळापत्रकात, तोही टप्प्याटप्प्याने, सुरुवात २०२५-२६ ला पहिलीपासून. दहावी-बारावीचा नंबर सगळ्यात शेवटी.

वरच्या इतिहासाकडे बघितलं तर यातलं अवघड काम कुठलं ते दिसतं. पुस्तक बदलणं त्यामानाने सोपं. पण पुस्तक सीबीएसईसारखं आणि परीक्षा जुन्याच घडणीची राहिली, तर शिक्षक परीक्षेप्रमाणे शिकवतील आणि पुस्तक दप्तरात राहील. हंटर आयोगाने १८८२ मध्ये शाळांबद्दल जी तक्रार नोंदवली होती, ती हीच होती.

त्यात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बोर्डाच्या परीक्षेचा ताण कमी करा, वर्षातून दोन संधी द्या असं सुचवलं आहे. सीबीएसईने २०२६ पासून दहावीला दोन परीक्षांचा निर्णय घेतला. देशातल्या सगळ्या बोर्डांचं मूल्यमापन एका पातळीवर आणायला 'परख' नावाचं केंद्र एनसीईआरटीत सुरू झालं आहे. महाराष्ट्रात २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश काही मोठ्या शहरांपुरते न राहता सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. म्हणजे गडचिरोलीच्या मुलीच्या दहावीच्या टक्क्यांचाही आता एका मोठ्या यादीत नंबर लागतो.

दरम्यान बोर्डाचं चक्र थांबत नाही. एक निकाल लागला की गुणपडताळणीचे अर्ज, जून-जुलैत पुरवणी, मग १७ नंबरच्या फॉर्मची नोंदणी, आणि फेब्रुवारी उजाडली की पुन्हा कस्टडीच्या दाराशी सीलबंद पेट्या घेऊन आलेला ट्रक.